पंचवीस दिवस, पंधरा दिवस की पाच? छातीच्या ऑपरेशननंतरच्या शेकाविषयी

 

आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओ बंद करतील, हे मला माहीत आहे. कॅन्सर हा शब्द घरात काढायचा नाही असं पुष्कळ घरांत असतं. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या बचत गटांच्या बैठकांमध्ये अंतर्गत कर्जाचे जे अर्ज आले, त्यांत मुलांच्या फीनंतर आणि घरदुरुस्तीनंतर सगळ्यात जास्त वेळा कारण लिहिलेलं होतं ते आजारपणाचं. आणि त्या आजारपणांत छातीच्या गाठी होत्या. तेव्हा आपल्याला बोलायलाच हवं. मी डॉक्टर नाही. गटांची समन्वयक आहे, बी.ए. झालेली बाई आहे, हिशोब मला कळतो. आणि आजचा विषय अर्धा हिशोबाचाच आहे.

छातीत गाठ निघाली, तपासणीत कॅन्सर ठरला, ऑपरेशन झालं. पुष्कळ जणींना पुढे किमो लागते. आणि मग बहुतेक जणींना रेडिएशन. आपल्याकडे त्याला कोणी शेक म्हणतं, कोणी लाइट म्हणतं, कोणी करंट म्हणतं. करंट म्हणू नका, त्या शब्दाने बाई उगाच घाबरते. यंत्राखाली झोपायचं, हात डोक्याच्या वर घ्यायचा, पाच-दहा मिनिटं हलायचं नाही. दुखत नाही, भाजल्यासारखं त्या वेळी काही वाटत नाही. एक्स-रे काढताना काही कळतं का? तसंच.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती रोज जाण्याची.

आता ही गोष्ट मी गटात अनेकदा पाहिली आहे. एकाच वस्तीतल्या दोघी जणी. दोघींचं ऑपरेशन एका वर्षात. एकीला डॉक्टरांनी सांगितलं, पंचवीस दिवस शेक. दुसरीला दुसऱ्या रुग्णालयात सांगितलं, पंधरा दिवस. आणि तिसऱ्या कोणाच्या तरी नात्यातल्या बाईचं तर पाच दिवसांत उरकलं म्हणे. मग नळावर चर्चा सुरू होते. पंचवीसवाली म्हणते, माझा आजार जास्त आहे वाटतं. पंधरावालीला वाटतं, मला कमी औषध दिलं, गरीब म्हणून उरकून टाकलं. पाचवालीला तर कोणी खरंच धरत नाही. तिघींनाही झोप नाही.

म्हणून आज हे नीट समजून घेऊ.

रेडिएशनचं माप असतं, त्याला ग्रे म्हणतात. जसं दूध लिटरमध्ये, तसे हे किरण ग्रेमध्ये. जुनी पद्धत अशी होती की एकूण ५० ग्रे द्यायचे, रोज २ ग्रे याप्रमाणे, २५ दिवस. शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे पाच आठवडे. ही पद्धत जगभर वर्षानुवर्षं चालली. दुसरी पद्धत: एकूण ४० ग्रे, १५ दिवसांत, म्हणजे तीन आठवडे. रोजचा डोस थोडा मोठा, पावणेतीन ग्रेच्या जरा खाली. आणि तिसरी, सगळ्यात नवी: एकूण २६ ग्रे, फक्त ५ दिवसांत, रोज ५ ग्रेच्या थोडं वर.

आता तुमच्यातल्या हुशार कोषाध्यक्षांनी लगेच ओळखलं असेल. दिवस कमी केले तर एकूण डोसही कमी केला आहे. पन्नासचे पन्नास ग्रे पाच दिवसांत कोंबलेले नाहीत. आपण गटाचं कर्ज घेतो ना, तेव्हा हप्ता लहान ठेवला तर मुदत वाढते आणि व्याजासकट एकूण भरणा जास्त होतो. हप्ता मोठा घेतला तर मुदत कमी, एकूण भरणाही कमी, आणि कर्ज तेवढंच फिटतं. रेडिएशनचं गणित काहीसं असंच निघालं. छातीच्या कॅन्सरच्या पेशी रोजच्या मोठ्या डोसाला जास्त दाद देतात, असं दिसून आलं. म्हणून मोठा हप्ता, कमी दिवस, कमी एकूण डोस, आणि परिणाम तोच. उपमा फार ताणायची नाही, शरीर म्हणजे वहीखातं नव्हे. पण पंधरावालीला कमी औषध मिळालं नाही, एवढं यातून कळावं.

हे कोणी मनाने ठरवलेलं नाही. कॅनडात १९९३ ते १९९६ मध्ये १,२३४ बायकांवर हा अभ्यास सुरू झाला. अर्ध्या बायकांना पाच आठवड्यांचा शेक, अर्ध्यांना तीन आठवड्यांपेक्षा थोडा जास्त, १६ दिवसांचा. दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. दहा वर्षांनी त्याच छातीत कॅन्सर परत आला तो लांबच्या शेकात शंभरातल्या ६.७ जणींना आणि छोट्या शेकात ६.२ जणींना. म्हणजे सारखंच. ब्रिटनमध्ये १९९९ पासून २,२१५ बायकांना घेऊन असाच मोठा अभ्यास झाला. तिथे तीन आठवडेवाल्यांत दहा वर्षांत ४.३ टक्के आणि पाच आठवडेवाल्यांत ५.५ टक्के जणींचा कॅन्सर परतला. छाती आवळून लहान होणं, सूज राहणं, कातडीवर लाल बारीक शिरा दिसणं, हे त्रास तीन आठवड्यांत उलट कमी होते. हे निकाल २०१३ साली प्रसिद्ध झाले.

मग पाच दिवसांचं? तेही ब्रिटनमधलंच. ९७ रुग्णालयं, ४,०९६ पेशंट. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याचे पाच वर्षांचे निकाल आले. १५ दिवसवाल्यांत परत येण्याचं प्रमाण २.१ टक्के, ५ दिवसवाल्यांत, २६ ग्रेच्या डोसावर, १.४ टक्के. म्हणजे इथेही कमी दिवसांनी तोटा झाला नाही. आणि एप्रिल २०२० म्हणजे काय दिवस होते, आठवतंय ना? लोकल बंद. मार्चच्या शेवटी सगळं थांबलं. भाईंदरहून परळला जायचं कसं, हा प्रश्न ज्या घरात कॅन्सरचा पेशंट होता त्या घराला विचारा. जगभरच्या डॉक्टरांनी त्या काळात कमी दिवसांचा शेक जवळ केला, कारण पेशंटला रुग्णालयात पंचवीस वेळा बोलावणं म्हणजे पंचवीस वेळा कोरोनाच्या तोंडी देणं.

आता प्रश्न असा, की एवढं सगळं सिद्ध झालंय तर सगळे डॉक्टर एकच का सांगत नाहीत?

याचं उत्तर मी बरंच शोधलं, वाचलं, दोन-तीन डॉक्टरांना विचारलं. आणि मला वाटतं हे उत्तर आपल्याला कळायला हवं. नाहीतर आपण एक तर प्रत्येक डॉक्टरला चोर समजतो, नाहीतर देव.

पहिलं कारण भीती. आणि ती भीती पोकळ नाही. फार पूर्वी काही ठिकाणी दिवस कमी केले होते, पण डोसाचं गणित तेव्हा नीट कळलेलं नव्हतं. त्यात काही बायकांच्या काखेतल्या नसा खराब झाल्या, हात लुळे पडले. हा त्रास लगेच दिसत नाही, काही वर्षांनी उगवतो. ब्रिटनमध्ये अशा बायकांनी १९९१ साली संघटना बांधली आणि जाब विचारला. कपबशी उचलता न येणारा हात घेऊन त्या बायका उभ्या राहिल्या. त्यानंतर तिथे चौकशा झाल्या, आणि डोस किती, कसा, कुठवर, याचे अभ्यास जास्त काटेकोर झाले. मी हे मुद्दाम सांगते आहे. आज आपल्याला कमी दिवसांचा शेक निर्धास्तपणे मिळतो, त्यात त्या बायकांच्या भांडणाचाही वाटा आहे असं मी मानते. आणि ज्या डॉक्टरांनी असे हात पाहिले, त्यांच्या मनातली धास्ती पुढच्या पिढीच्या डॉक्टरांकडेही गेली.

दुसरं कारण, अभ्यासात कोणत्या बायका होत्या ते. कॅनडात आणि ब्रिटनमध्ये घेतलेल्या बहुतेक बायका अशा होत्या ज्यांची फक्त गाठ काढली होती, छाती ठेवली होती. संपूर्ण छाती काढलेल्या आणि काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेलेल्या बायका त्यांत फार थोड्या. आणि आपल्याकडे काय चित्र आहे? आपण उशिरा जातो. दुखत नाही म्हणून गाठ सहा महिने पदराखाली ठेवतो. मग छाती काढावी लागते, काखेतही पसरलेलं असतं. आपला डॉक्टर विचार करतो, तिकडच्या बायकांचं हिला लागू पडेल का? हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर पुढे येत गेलं. चीनमध्ये ८२० बायकांवर अभ्यास झाला, सगळ्यांची छाती काढलेली, आजार काखेपर्यंत गेलेला. २०१९ मध्ये निकाल आला, तीन आठवड्यांचा शेक पाच आठवड्यांइतकाच चांगला. २०२४ मध्ये डेन्मार्क आणि फ्रान्सच्या अभ्यासांनीही काखेला शेक देताना तीन आठवडे चालतात, हाताची सूज त्यामुळे वाढत नाही, असं सांगितलं. आपल्याच देशात कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने तीन आठवडे विरुद्ध एक आठवडा असा अभ्यास हाती घेतला, तोही आपल्यासारख्या बायकांवर, छाती काढलेल्या आणि काखेत आजार असलेल्याही. मला याचं फार बरं वाटलं. आपल्या आजाराचं उत्तर दर वेळी लंडनहूनच का यावं?

२०२१ साली जगभरच्या रेडिएशनच्या डॉक्टरांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. दोन हजार तीनशेच्या वर डॉक्टरांनी उत्तरं दिली. त्यातही हेच दिसलं. नुसती गाठ काढली आहे आणि काख स्वच्छ आहे, तर बहुतेक डॉक्टर कमी दिवसांचा शेक पसंत करतात. छाती काढली असेल, काखेला शेक द्यायचा असेल, तर हात आखडतो. कारणं विचारली तर, लांब मुदतीचा पुरावा हवा, आजार परतेल ही भीती, त्रास वाढेल ही भीती.

तिसरं कारण मी हळू आवाजात सांगते. पैसा. जिथे रुग्णालयाला प्रत्येक दिवसाच्या शेकाचे वेगळे पैसे मिळतात, तिथे पंचवीसचे पंधरा करायला कोणाला घाई असणार? अमेरिकेचंच उदाहरण घ्या. तिथे डॉक्टरांच्या संघटनेने २०११ मध्ये कमी दिवसांचा शेक कोणाला चालतो ते लिहून दिलं. तरी २०१३ मध्ये ज्यांना तो हमखास चालला असता अशा बायकांतल्या शंभरातल्या फक्त ३४-३५ जणींना तो मिळाला. उलट ब्रिटनमध्ये सरकारी व्यवस्था, तिथे तीन आठवडे ही रोजची रीत कधीच झाली. याचा अर्थ पंचवीस दिवस सांगणारा प्रत्येक डॉक्टर पैशासाठी सांगतो असा काढू नका. पण पॅकेज एकूण शेकाचं आहे की दिवसाचं, हे विचारायला आपल्याला लाज वाटायचं कारण नाही. वाटाणे घेताना आपण विचारतोच, किलोचा भाव आहे की पावाचा.

आणि चौथं म्हणजे सवय. वीस वर्षं ज्याने एका रीतीने भात शिजवला त्याला कुकर द्या, पहिले सहा महिने तो झाकण उघडून बघतच राहणार.

आता आपल्या बाजूने हिशोब मांडू. उत्तनच्या एखाद्या ताईला परळला टाटा रुग्णालयात जायचं आहे. उत्तनहून बसने भाईंदर स्टेशन. तिथून लोकल, दादरला उतरून पुढे परळ, नाहीतर धीम्या गाडीने थेट प्रभादेवी आणि चालत. जायला दोन-सव्वादोन तास, यायला तेवढेच, आणि तिथे थांबणं. यंत्राखालची दहा मिनिटं धरून दिवसाचे सहा तास गेले. पंचवीस दिवस म्हणजे दीडशे तास. पंधरा दिवस म्हणजे नव्वद. पाच दिवस म्हणजे तीस. यात सोबत येणाऱ्या मुलीचे किंवा जावेचे तास धरलेले नाहीत, ते दुप्पट होतात. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाईचा धंदा पाच आठवडे बंद राहिला, तर तिचं गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जातं आणि परत येत नाही. टॉवरमध्ये स्वयंपाकाला जाणाऱ्या बाईच्या जागी आठवड्यात दुसरी येते. इमिटेशनच्या माळा ओवणारी निदान घरी बसून ओवू शकते, पण तिचाही हात दुखतो.

आमच्या गटातल्या एका ताईचं मी सांगते, नाव सांगत नाही. एका खासगी रुग्णालयात तिला पंचवीस दिवस सांगितले. चौदा दिवस ती गेली. मग तीनपैकी दोन कामं सुटली, नवऱ्याची रिक्षा बंद पडलेली, आणि तिने शेक सोडून दिला. कोणाला बोलली नाही. आम्हाला कळलं ते हप्ता थकला तेव्हा. तिला कोणी सुरुवातीलाच सांगितलं असतं, की बाई, तुला पंधरा दिवस चालतील का ते विचार, तर चौदाव्या दिवशी तिचं जवळजवळ संपत आलं असतं. अर्धवट सोडलेला शेक ही सगळ्यात वाईट गोष्ट. डोस पूर्ण पडत नाही, आणि जो पडला त्याचा त्रास भोगून झालेला असतो. मधे एक-दोन दिवस बुडाले तर लगेच जाऊन सांगावं, डॉक्टर भरून काढायची सोय करतात. पण गायब होऊ नये.

दुसरी एक मावशी, सुकी मासळी विकणारी. तिची गाठ लहान होती. डॉक्टर म्हणाले, छाती ठेवता येईल, पण मग शेक घ्यावाच लागेल. तिने विचार केला, रोज परळ कोण करणार, काढून टाका पूर्ण. काढली. आणि मग तपासणीत काखेच्या गाठींत आजार निघाला, त्यामुळे शेक लागलाच. छातीही गेली आणि परळही चुकलं नाही. मला या गोष्टीचा अजून राग येतो. मावशीचा नाही. तिने जे माहीत होतं त्यावर ठरवलं. तिला शेक म्हणजे पाच-सहा आठवडे एवढंच माहीत होतं. तीन आठवड्यांचंही होतं हे तिच्या कानावर कोणी घातलं असतं तर कदाचित तिने वेगळं ठरवलं असतं. छाती काढणं हा काही बायकांसाठी योग्यच निर्णय असतो, पण तो गाडीच्या वेळापत्रकावरून व्हायला नको.

आता शेकाच्या डॉक्टरांकडे गेल्यावर काय बोलायचं, ते. आपण काय करतो, डॉक्टर सांगतात आणि आपण मान हलवतो, बाहेर येऊन सोबतच्या मुलाला विचारतो, काय म्हणाले रे? तसं नको. सरळ विचारा, मला किती दिवस शेक आहे? पंधरा दिवसांचा मला चालेल का? नसेल तर का नाही? पाच दिवसांचा माझ्यासाठी आहे का? हे विचारल्याने डॉक्टर रागावत नाहीत. रागावले तर त्यांचं त्यांच्याजवळ. पण उत्तर मात्र ऐकून घ्या. कारण 'नाही' म्हणायला खरी कारणं असू शकतात. छाती काढून त्याच वेळी नवीन छाती बनवण्याचं ऑपरेशन झालं असेल तर पाच दिवसांच्या शेकाबाबत डॉक्टर जपून असतात. काखेला आणि गळ्याच्या हाडाजवळ शेक द्यायचा असेल तर बहुतेक जण पाच दिवसांपेक्षा तीन आठवडे पसंत करतात. आणि वय कमी असेल किंवा गाठ तशी असेल, तर गाठीच्या जागेवर थोडा जास्तीचा शेक देतात, त्याला बूस्ट म्हणतात, त्याचे काही दिवस वाढू शकतात. पंधरा सांगितले आणि मग एकोणीस-वीस झाले, तर फसवलं असं समजू नका. आधीच विचारून ठेवा, बूस्ट आहे का, आणि तो वेगळ्या दिवशी की त्याच दिवशी?

शेजारणीचा कागद घेऊन जाऊन, हिला पाच दिवस दिले मला का नाही, असं भांडू नका. तिची गाठ वेगळी, तुमची वेगळी. शेजारणीची साडी आपल्याला बसेल, ब्लाउज बसेलच असं नाही.

आणखी एक. पंधरा दिवसांचा शेक म्हणजे पंधराच खेपा नव्हेत. आधी डॉक्टरांची भेट, मग आखणीचा सिटी स्कॅन, त्या वेळी कातडीवर बारीक खुणा करतात, त्या पुसायच्या नाहीत. एक-दोन खेपा त्यात धरा. डाव्या छातीचा आजार असेल तर हृदयाला किरण कमी लागावेत म्हणून काही ठिकाणी श्वास धरून ठेवायला शिकवतात. आणि हात वर जात नसेल तर यंत्राखाली झोपताच येत नाही. म्हणून ऑपरेशननंतर दाखवलेले हाताचे व्यायाम रोज करा. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, तो व्यायाम. हात वर जाईना म्हणून शेक पुढे ढकललेली बाई मी पाहिली आहे.

कातडी लाल होते, काळवंडते, खाज येते. सैल सुती कपडा वापरा, घासू नका, डॉक्टरांना न विचारता हळद, कोरफड, तेल लावू नका. पाच दिवसांच्या शेकात एक गंमत आहे, गंमत म्हणजे गोंधळ. कातडीचा त्रास शेक संपून घरी आल्यावर दिसतो. बाईला वाटतं, शेक तर संपला, हे नवीन काय? नवीन नाही, तेच उशिरा आलेलं आहे. बहुतेकदा आपोआप ओसरतं. फोड आले, पाणी सुटलं, ताप आला तर मात्र दाखवायला जा.

पैशांचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, किमो आणि रेडिएशन येतं. आता ही योजना आयुष्मान भारतला जोडली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद घेऊन आधी त्याच्याकडे जायचं, पैसे भरून झाल्यावर नव्हे. आधी पैसे भरले की परत मिळवताना चपला झिजतात. आधार आणि रेशन कार्डावरचं नाव जुळतं का तेही बघा. माहेरचं नाव एका ठिकाणी, सासरचं दुसऱ्या ठिकाणी, यातच आपल्या निम्म्या बायका अडकतात.

लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं. रुग्णालयाचा कागद जवळ ठेवा, कोणी हटकलं तर दाखवा. आणि लांबून येणाऱ्या नातेवाइकांसाठी सांगते, विक्रमगड, मोखाड्याकडून कोणी येत असेल तर परळची नाना पालकर स्मृती समितीची रुग्णसेवा सदनाची इमारत आणि दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा इथे पेशंट आणि सोबतच्या माणसाची राहण्याची सोय असते. जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून आखणीच्या दिवशीच चौकशी करा. टाटाचंच एक मोठं केंद्र खारघरला आहे, शेकासाठी तिकडेही पाठवतात. भाईंदरकरांना ते आणखी लांब पडतं, पण पाठवलं तर जा.

गटाने काय करायचं? आम्ही आमच्या एका गटात गेल्या पावसाळ्यात केलं ते सांगते. शेकाला जाणाऱ्या ताईचा पंधरा दिवसांचा तक्ता केला. रोज एक जण सोबत. वीस जणींचा गट, पंधरा दिवस, म्हणजे कोणाला दुसऱ्यांदा जावं लागलं नाही. ज्या जणी उरल्या, त्यांनी घरचा डबा आणि मुलांची शाळा सांभाळली. कर्जाचा हप्ता दोन महिने थांबवायचा ठराव बैठकीत घेतला, इतिवृत्तात लिहिला. पंचवीस दिवसांचा शेक असता तर हे जमलं असतं का? मला शंका आहे. तिसऱ्या आठवड्यानंतर माणसं दमतात, दया आटते, आपण सगळ्या माणसंच आहोत. म्हणून मी म्हणते, दहा दिवस वाचणं ही लहान गोष्ट नाही. रेडिएशनची यंत्रं आपल्या देशात लोकसंख्येच्या मानाने कमी आहेत. एकीचे दहा दिवस वाचले की त्या यंत्राखाली दुसऱ्या बाईला लवकर जागा मिळते. तीही कोणाची तरी आई असते.

जाता जाता गाठीविषयी. २०२२ साली आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना छातीचा कॅन्सर निघाला. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखावर बायकांवर वीस वर्षं काम केलं. डॉक्टरांनी नव्हे, शिकवलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासली. २०२१ मध्ये निकाल आला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत छातीच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. हाताने तपासून. मशीन नाही, काही नाही. आशाताई किंवा नर्सबाई तपासायला आल्या तर दार लावून घेऊ नका, आणि सासूबाईंनाही पुढे करा, त्यांना याची जास्त गरज आहे.

शेवटचं काम सांगते. शेक पूर्ण झाला की रुग्णालय एक कागद देतं. त्यावर किती ग्रे, किती दिवस, कुठल्या बाजूला, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, असं लिहिलेलं असतं. तो मागून घ्या. दिला नाही तर परत मागा. पुढे दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर त्याला हाच कागद लागतो. दोन झेरॉक्स काढा, एक घरातल्या रेशन कार्डाच्या पिशवीत आणि एक गटाच्या पेटीत. पुढच्या महिन्यात मी उत्तन आणि काशीच्या बैठकांना येणार आहे, ज्यांच्याकडे असे कागद आहेत त्यांनी घेऊन या, आपण मिळून वाचू.